दार लागणे, दिवा लागणे : बिनतारी द्वारसंवेदकाचा पूर्वेतिहास आणि त्यातील अर्थविचार

मराठीत आपण ‘दार लाव’ असे म्हणतो आणि ‘दिवा लाव’ असेही म्हणतो. क्रियापद एकच; परंतु पहिल्या आज्ञेने दार मिटते आणि दुसऱ्या आज्ञेने दिवा उजळतो. याच आज्ञा ‘बंद कर’ या शब्दांनी देऊन पाहाव्यात. ‘दार बंद कर’ म्हणजे ‘दार लाव’. ‘दिवा बंद कर’ म्हणजे मात्र ‘दिवा लाव’ याच्या नेमके उलट. दाराच्या बाबतीत जे दोन प्रयोग समानार्थी आहेत, तेच दिव्याच्या बाबतीत विरुद्धार्थी होतात. मराठी बोलणाऱ्यास यात कधी अडचण वाटत नाही. परंतु दाराच्या हालचालीवरून दिवा लावणारे व मालवणारे जे छोटे बिनतारी साधन आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे, त्याची नियमावली मराठीत सांगू लागले म्हणजे ही अडचण एकदम पुढे उभी राहते. या साधनाचा इतिहास पाहिला असता ही गाठ केवळ शब्दांची नाही, असे दिसून येते. दाराची एकच स्थिती निरनिराळ्या काळी निरनिराळ्या अर्थांची खूण मानली गेली आहे, आणि त्यांतील कोणता अर्थ आपण पत्करतो हे ठरविल्यावाचून साधन भिंतीला लावणे व्यर्थ होय.

‘लावणे’ हे ‘लागणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप. त्याच्या मुळाशी ‘लग्’ म्हणजे चिकटणे, स्पर्शणे हा अर्थ आहे. फळी चौकटीला टेकली म्हणजे दार लागले. ज्योत वातीला टेकली म्हणजे दिवा लागला. ‘बंद’ हा शब्द फारसीतून आला आणि तो संस्कृतातील ‘बन्ध्’ धातूचा सगोत्र आहे. भौतिकशास्त्राच्या वर्गात त्याने आणखी एक घोटाळा करून ठेवला आहे. परिपथ ‘बंद’ असेल तेव्हाच प्रवाह वाहतो आणि दिवा चालू होतो; म्हणजे परिपथ बंद तर दिवा चालू, आणि दिवा बंद तर परिपथ खुला. त्याऐवजी ‘परिपथ पूर्ण’ असे म्हणणाऱ्या शिक्षकांची सावधगिरी योग्यच म्हटली पाहिजे.

आता साधनाकडे वळू. द्वारसंवेदकाचे दोन भाग असतात. चौकटीवर बसणाऱ्या मोठ्या भागात काचेची एक बारीक नळी, नाण्याएवढी घटबॅटरी आणि लहानसा प्रेषक असतो; फळीवर बसणाऱ्या धाकट्या भागात नुसते चुंबक. काचेच्या नळीत निष्क्रिय वायू भरलेला असून, तीत लोहजातीच्या धातूच्या दोन लवचीक पात्या एकमेकींपासून केसभर अंतरावर ठेवलेल्या असतात. चुंबक जवळ आले की त्या परस्परांस चिकटतात, दूर गेले की विलग होतात. हार्मोनियममधील रीड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या खटक्याला ‘रीड’ हेच नाव का मिळाले ते सांगावे लागणार नाही. वॉल्टर एलवुड यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९३६ मध्ये हा खटका योजिला आणि १९४१ मध्ये त्यांना त्याचे एकस्व मिळाले. त्यांच्यापुढे दार नव्हते. दूरध्वनीच्या जोडण्या धूळ व गंज यांपासून मुक्त कशा राहतील, हा त्यांचा प्रश्न होता. घराच्या चौकटीवर तो खटका पुढे आला.

दाराला तार जोडण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधील ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये विद्युत्‌चुंबकीय घंटेचे एकस्व मिळविले. दार किंवा खिडकी उघडली की परिपथ पूर्ण व्हावा आणि घंटा वाजावी, अशी ती रचना होती. १८५७ मध्ये तिचे हक्क एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि बोस्टन व न्यूयॉर्क येथे तिचा व्यवसाय उभारला. येथे उघडणारे दार हे संशयास्पद दार आहे. आपल्या ‘खटका’ या शब्दात कळ दाबल्याचा आवाज, ती कळ आणि मनातील शंका हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. पोप यांच्या यंत्राला याहून समर्पक नाव इंग्रजीतही सापडले नसते. या रचनेत एक उणीव होती. चोराने तार तोडली तर घंटा मुकी होई. म्हणून पुढे प्रवाह सतत वाहता ठेवून, तो खंडित झाला की घंटा वाजावी, अशी उलट योजना रूढ झाली. जुन्या योजनेत मौन म्हणजे क्षेम होते. नव्या योजनेत मौन हीच आरोळी झाली. खुणेचा अर्थ खुणेत नसून संकेतात असतो, या भाषाशास्त्रातील सिद्धांताचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

बोस्टनमधील या दाराशेजारी मुदखेडचे फाटक ठेवून पाहावे. निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या आरंभास, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरमापी मार्ग सिकंदराबादहून मनमाडकडे गेला. त्या मार्गावरचे मुदखेड हे पुढे भोकर–किनवटवरून आदिलाबादकडे जाणाऱ्या फाट्याचे जंक्शन झाले. आज हे लोहमार्ग रुंदमापी आहेत आणि स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला ‘फाटक लागले’ हा शब्दप्रयोग घड्याळासारखा परिचयाचा असतो. सिग्नलशी जोडलेल्या फाटकाची शिस्त अशी की, फाटक रस्त्याच्या बाजूने लागून त्यास कुलूप पडल्याखेरीज गाडीचा सिग्नल देताच येत नाही. रात्री हाताच्या सिग्नलामागे रॉकेलचा कंदील तेवत असे. दांडा आडवा असेतो लाल काच त्याच्यासमोर राही. दांडा खाली आला की हिरवी काच येई. म्हणजे येथे दार लागले तरच हिरवा दिवा लागतो. उघडे फाटक धोक्याचे आहे खरे, परंतु रेल्वे त्याची घंटा वाजवीत बसत नाही. ती नुसती लाल दिव्यावर स्थिर राहते. ज्याविषयी खात्री नाही ते धोक्याचे मानावयाचे, हा तिचा नियम. घरगुती संवेदकाच्या कर्त्यांनी या नियमाकडे पाहिले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

दार आणि दिवा यांचा घरातील पहिला यांत्रिक संबंध आपल्याकडे बहुधा शीतकपाटाने आणला. दार उघडले की आतला दिवा लागतो, लावले की मालवतो. आत कोणी माणूस राहत नाही, म्हणून या नियमात संदिग्धता नाही. दार लावल्यावर दिवा खरोखर मालवतो काय, असा प्रश्न मुले विचारतात, आणि तो प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

तार जाऊन तरंग आले, त्या भागाचा इतिहास आपल्या देशाला जवळचा आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडे विद्युत्‌लहरी धाडून दूरची घंटा वाजवून दाखविली आणि दारूची पूडही पेटविली. द्वारसंवेदक आज करतो ते तत्त्वतः हेच. २००३ मध्ये अल्पशक्तीच्या बिनतारी जाळ्यासाठी मानक ठरले, २००४ च्या अखेरीस त्यावर आधारलेली ‘झिगबी’ ही पद्धती संमत झाली, आणि २००५ मध्ये भारत सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवान्यावाचून मोकळा केला. एके काळी घरातल्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरावे लागत, हे ध्यानात घेता हा बदल लहान नव्हे.

हे साधन मुदखेडकडील घरात बसवू गेले असता पहिली गाठ पडते ती दाराशी. या भागातील जुन्या माळवदी घराला ढाळज असते. फारसी ‘दहलीज’शी निगडित असलेल्या या शब्दाचा अर्थ हिंदीत उंबरठ्यापुरता राहिला, तर मराठवाड्यात तो प्रवेशाच्या संपूर्ण पडवीला व्यापून राहिला आहे. ढाळजेचे कवाड दोन फळ्यांचे असते आणि रोजच्या जाण्यायेण्यास त्यांतील एकच फळी उघडतात. चुंबक त्या फळीवर बसविले पाहिजे. दुसरीवर बसविल्यास संवेदक दिवसभर ‘बंद’ एवढेच सांगत राहील. चुंबक आणि नळी यांत साधारणपणे एक ते दोन सेंटिमीटरांहून अधिक अंतर चालत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि श्रावणात नीट चालणारी जोडी वैशाखात चुकू लागते. चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही. बारीक स्क्रू मारणे हाच उपाय. लोखंडी फाटकावर चुंबकाचे क्षेत्र लोखंडातच विरते, म्हणून मध्ये लाकडाचा अगर प्लास्टिकचा तुकडा घालावा लागतो. दगडमातीच्या जाड भिंतीतून क्षीण लहर पार होत नाही. तेव्हा वाटेत मुख्य विजेवर चालणारे एखादे साधन ठेवावे. ते संदेश पुढे पोचवते. बॅटरीवरचा संवेदक हे काम करीत नाही, कारण तो बहुतेक वेळ झोपलेला असतो.

यापुढची अडचण अर्थाची आहे. मराठी माणसाचे दार उघडे असते, किलकिले असते, लोटलेले असते, लावलेले असते, त्याला कडी असते, कुलूप असते. ‘दार नुसते पुढे कर’ आणि ‘दार लाव’ यांत आपण सहज भेद करतो. संवेदकाला दोनच शब्द येतात. लोटलेले कवाड चौकटीपासून किती बोटे दूर आहे, यावर त्याचे उत्तर ठरते. आणि त्याने ‘बंद’ म्हटले याचा अर्थ कडी घातली असा मुळीच होत नाही. रात्री त्याच्या शब्दावर विसंबून झोपणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

दुसरा भेद व्याकरणाचा आहे. ‘दार उघडले’ ही घटना. ‘दार उघडे आहे’ ही अवस्था. संवेदक बोलतो तो घटना घडते तेव्हा. आपल्याकडे दिवेलागणीला पुढचे दार उघडे ठेवून दिवा लावण्याची रीत आहे. लक्ष्मी येते ती त्या दाराने. ‘सूर्यास्तानंतर दार उघडले तर ढाळजेतला दिवा लावावा’ असा नियम कोणी घातला, तर चार वाजल्यापासून उघडेच असलेल्या दाराच्या घरात तो दिवा लागणारच नाही, कारण सूर्यास्तानंतर कोणतीही घटना घडली नाही. नियम अवस्थेवर बांधला पाहिजे : सूर्य मावळला असेल आणि दार उघडे असेल तर दिवा लागावा. ज्यांच्या देशात दार एरवी बंदच असते, त्यांच्या नियमांच्या नमुन्यांत ही गरज सहसा दिसत नाही. बोस्टनचा खटका येथे अजून वाजतो आहे. उलट फुलशेतीच्या या टापूत जो माणूस झुंजूमुंजू होण्यापूर्वी फुले तोडावयास निघतो, त्याच्या घरी घटनेवरचा नियमच सोयीचा : कवाड उघडले, अंगणातला दिवा लागला, पाच मिनिटांनी मालवला.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. ‘दार लागले’ म्हणजे माणूस गेला की माणूस आत आला? कोठीच्या खोलीचे दार बाहेरून लागते. तेथे दार लागले की दिवा मालवावा. न्हाणीघराचे व संडासाचे दार आतून लागते; तेथे दार लागले की दिवा लागावा. संवेदकाच्या दृष्टीने दोन्ही घटना अक्षरशः एकच आहेत. कोठीसाठी लिहिलेला नियम न्हाणीघराला लावला, तर ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या वृद्ध माणसाच्या डोक्यावरचा दिवा त्याने दार लावताच जातो. पडून मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना यात विनोद वाटणार नाही. अशा ठिकाणी हालचाल ओळखणारा वेगळा संवेदक जोडावा. तो नसेल तर दाराला दिवा मालवण्याचा अधिकारच देऊ नये, फक्त लावण्याचा द्यावा, आणि मालवणे हाताकडे ठेवावे. खात्री नसेल तेव्हा उजेड राहू द्यावा, हा फाटकाचाच नियम. फरक इतकाच की रेल्वेत अनिश्चिततेचा रंग लाल आहे आणि घरात तो पांढरा असावा.

मौनाचा प्रश्नही नव्या रूपात परत आला आहे. संवेदक गप्प आहे तो दार हलले नाही म्हणून, की घट संपला म्हणून? यासाठी बरीच साधने काही काळाने आपण होऊन हजेरी देतात. ती चुकली तर मध्यवर्ती यंत्राने ते कळविले पाहिजे. ‘लाईट गेली’ की मध्यवर्ती यंत्र बंद पडते. संवेदक मात्र आपल्या घटावर जागा असतो आणि ऐकणारा नसताना बोलत राहतो. त्या अवधीत दार उघडून पुन्हा लागले, तर त्याची नोंद कोठेही राहत नाही. म्हणून ते यंत्र इन्व्हर्टरवर ठेवावे. भिंतीवरचे बटण कोणी सवयीने दाबून दिवा बंद केला, तर संवेदकाने कितीही सांगितले तरी तो लागत नाही. मराठी घरात झोपण्यापूर्वी सगळी बटणे बंद करीत हिंडणारे एक वडीलधारे माणूस असतेच. त्यांना प्रथम विश्वासात घेतले पाहिजे, आणि दाराजवळचे ते एक बटण तसेच ठेवावयाचे आहे हे सांगताना ‘लावून ठेवा’ म्हणावे की ‘बंद करू नका’ म्हणावे, हेही आधी ठरवून घ्यावे.