मातृदुग्ध, बाजार आणि कायदा : स्तनपानाच्या संरक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्तनपान ही निसर्गसिद्ध क्रिया असल्याने तिला इतिहास नसतो, असा एक समज आढळतो. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत बाजारपेठ, रुग्णालय, कारखाना आणि कायदेमंडळ या चारही ठिकाणी घडलेल्या घडामोडींनी या क्रियेवर खोल परिणाम केला आहे. स्तनपानाचे लाभ सांगणारे साहित्य विपुल आहे. परंतु लाभ ठाऊक असूनही ते मातेच्या व बालकाच्या पदरी का पडत नाहीत, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

परंपरा आणि तिच्या मर्यादा :
भारतीय वैद्यकाने मातृदुग्धाचा विचार प्राचीन काळापासून केला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची निवड व स्तन्याची परीक्षा यांचे विवेचन आढळते. तथापि परंपरा सर्वस्वी निर्दोष होती, असे म्हणता येत नाही. प्रसूतीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे पिवळसर, दाट दूध म्हणजेच चीक टाकून देण्याची आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटविण्याची प्रथा अनेक कुटुंबांत होती. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजात मातेच्या चिकाविषयी मात्र संशय होता. या चिकात रोगप्रतिकारक द्रव्यांचे प्रमाण मोठे असते, ही बाब आधुनिक विज्ञानाने पुढे सिद्ध केली.

बाजाराचा प्रवेश :
इ. स. १८६० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने मातृदुग्धाला पर्यायी अन्न तयार केले. १८६७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील वेवे येथे हेन्री नेस्ले याने दूध, गव्हाचे पीठ व साखर यांपासून बालान्न बनविले. ज्या अर्भकांना मातेचे दूध मिळणे अशक्य होते, त्यांच्यासाठी अशा अन्नाची उपयुक्तता नाकारता येणार नाही. परंतु अपवादासाठी निर्माण झालेली वस्तू पुढे सर्वांसाठी म्हणून विकली जाऊ लागली. भारतात म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याची पद्धत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत विकसित झाली आणि आणंदच्या सहकारी संघाने १९६० च्या दशकात त्याचे उत्पादन केले. म्हणजेच हा प्रश्न केवळ परदेशी कंपन्यांपुरता मर्यादित नव्हता.

शुद्ध पाणी, इंधन आणि पुरेसा पैसा यांचा अभाव असलेल्या घरांत डब्यातील भुकटी पातळ करून, अस्वच्छ बाटलीतून दिली जाई. त्यातून अतिसार आणि कुपोषण यांचे दुष्टचक्र सुरू होई. दरम्यान बाळ स्तनाला न लागल्याने मातेचे दूधही आटत जाई व परतीचा मार्ग बंद होई. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात अशा दिशाभूल करणाऱ्या प्रचारावर कठोर टीका केली होती.

विरोध आणि आंतरराष्ट्रीय संहिता :
१९७४ मध्ये 'वॉर ऑन वॉन्ट' या ब्रिटिश संस्थेने माइक म्युलर यांची 'द बेबी किलर' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. परिचारिकेसारखा गणवेश घालून फिरणाऱ्या विक्रेत्या आणि प्रसूतिगृहांतील मोफत नमुने यांकडे तिने जगाचे लक्ष वेधले. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेच्या उत्पादनांवरील बहिष्काराची चळवळ सुरू झाली. परिणामी मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी स्वीकारली. विरोधी मत अमेरिकेचे होते.

भारतीय कायदा :
भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता स्वीकारली. परंतु संहितेला दंडाचे बळ नसते. त्यामुळे १९९२ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला व तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू आणि डब्यावरील बालकाचे अथवा मातेचे चित्र यांवर त्याने बंदी घातली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अन्नाच्या प्रचारासही प्रतिबंध केला. याच काळात, १९८९ मध्ये, मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. मातेचे दूध न मिळणाऱ्या अर्भकासाठी डबा हाच एकमेव उपाय नाही, हे तिने दाखवून दिले.

मातेच्या लाभाचा प्रश्न :
या साऱ्या चर्चेत माता बहुधा केवळ साधन ठरली. वास्तविक स्तनपानामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मधील एकत्रित विश्लेषणानुसार स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. परंतु हा लाभ मिळण्यासाठी मातेला वेळ व विसावा हवा. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतिलाभ विधेयकाचे समर्थन करताना मातेच्या विश्रांतीचा भार शासनाने व मालकानेही उचलावा, अशी भूमिका मांडली. १९२९ चा मुंबईचा कायदा, १९६१ चा केंद्रीय कायदा आणि २०१७ ची दुरुस्ती असा पुढील प्रवास आहे. या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळाली. सहा महिने निव्वळ स्तनपान, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीशी ही मुदत मिळतीजुळती आहे. मात्र ऊसतोड, बांधकाम वा घरकाम करणाऱ्या स्त्रीला ही रजा प्रत्यक्षात मिळत नाही. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांची तरतूद झाली. सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई तीतून होणे शक्य नाही.

निष्कर्ष :
१. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांखालील बालकांतील निव्वळ स्तनपानाचे प्रमाण २००५-०६ मधील ४६.४ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्क्यांवर गेले. कायदा व लोकशिक्षण एकत्र आले असता परिस्थिती बदलू शकते, असा निर्वाळा ही वाढ देते.
२. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ वरून ८८.६ टक्के झाले. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून ४१.८ टक्के एवढेच सरकले. ज्या पहिल्या तासावर रुग्णालयाचे नियंत्रण असते, तोच तास गमावला जात आहे. हा दोष मातेच्या अज्ञानाचा नव्हे, तर व्यवस्थेचा आहे.
३. स्तनपानाच्या इतिहासात उपदेश नेहमीच मातेला झाला; परंतु परिवर्तन घडले ते विक्रेता, मालक आणि शासन यांच्यावर बंधने आल्यानंतर. यापुढील धोरणानेही रुग्णालयांना उत्तरदायी धरणे आणि असंघटित क्षेत्रातील मातेला मजुरीसह रजा देणे, या दोन बाबींना अग्रक्रम देणे आवश्यक आहे.