पैठणचा दगड आणि त्याचे नाव

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वृत्तान्तात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा निर्देश आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर. तेरहून मुख्यतः कापड येई. पैठणहून मात्र ‘ओनिक्स’ जातीचा दगड विपुल प्रमाणात गाड्यांतून, वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला उतरत असे.

ग्रीक ‘ओनिक्स’चा मूळ अर्थ नख. मराठीत त्यासाठी कोणता शब्द योजावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ‘गोमेद’ लिहिले तर नवरत्नांतील रत्न डोळ्यांपुढे येते. ते गार्नेट वर्गातील, सर्वस्वी निराळे खनिज होय. ‘अकीक’ पदार्थाच्या दृष्टीने अचूक, पण शब्द अरबी; सातवाहनकालीन पैठणच्या तोंडी तो घालणे हा कालविपर्यासच. पट्टेदार दगडाला व्यापारात ‘सुलेमानी’ म्हणतात, तेही नाव उत्तरकालीन. तरीही ‘पट्टेदार अकीक’ हाच पर्याय कमी दोषाचा आहे, कारण ‘गोमेद’ने व्यापाराचा मालच बदलतो.

हा माल दख्खनच्या भूमीचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून भिंतीपासून आत थरावर थर साचले. लोहाच्या ऑक्साइडांमुळे काही थर तांबूस वा तपकिरी झाले, काही पांढुरकेच राहिले. बेसॉल्ट झिजला, पण मोहस् मापनात ६.५ ते ७ काठिण्य असलेल्या या गाठी टिकल्या आणि नद्यांच्या वाळूगोट्यांत येऊन पडल्या. नेवासे आणि इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन लोकांनी याच कुळातील कॅल्सेडनीची धारदार पाती काढली. सातवाहनकाळात भोकरदन, तेर व पैठण येथे त्याच दगडाचे मणी दिसतात. पात्याला पट्ट्यांचा काही उपयोग नव्हता. मण्याचे मोल मात्र पट्टा कसा वळवून कापला यावर ठरे.

येथे एक अडचण उरते. भडोचजवळ रतनपूर-लिमोदरा परिसरात अकीकाच्या खाणी आहेत आणि खंबातचे कारागीर तेथील पिवळसर दगड भाजून लाल करीत आले आहेत. बंदराच्या दाराशी दगड असता वीस दिवसांची गाडीवाट कोण तुडवील? पेरिप्लसकार मात्र उज्जैनहूनही हाच दगड आल्याचे सांगतो. त्यावरून भडोच ही खाणीलगतची पेठ नसून अनेक मुलखांचा दगड एकत्र येण्याची जागा होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आणि मग पैठणच्या गाड्यांवर शंका घेण्याचे कारण राहत नाही.