थोडं घ्या, थोडं ठेवा

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे एक काळी प्लॅस्टिकची बादली. हसू नका. अशा बादलीत काय ठेवावं आणि काय ठेवू नये यावरून जगभरातली शहाणीसुरती माणसं पंचवीस वर्षं भांडत आली आहेत. आणि खरं सांगू का, आपल्या धंद्यातल्या निम्म्या डिझाईन मीटिंगांपेक्षा मला त्या भांडणातून जास्त कळलं.

आधी थोडा इतिहास. जीपीएस अमेरिकन लष्कराची. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये लष्कर मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे तुमचं यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. म्हणजे गल्ली सापडणार, घर नाही. १ मे २००० च्या मध्यरात्री क्लिंटन सरकारने ही भेसळ बंद केली आणि लोकांच्या हातातली यंत्रं एका रात्रीत जवळजवळ दहापट अचूक झाली. नवीन हार्डवेअर नाही, काही नाही. नुसतं एक बटण बंद :)

आता खरंच इतकं अचूक दाखवतं का, हे कुणीतरी तपासायला हवं होतं. ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या कॉम्प्युटर कन्सल्टंटने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली बरीचशी जमिनीत पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश यूजनेटवर टाकले. बादलीत काय होतं? नकाशाचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, पुस्तकं, थोडे पैसे, खायला म्हणून बीन्सचा एक टिनचा डबा आणि एक गलोल. सोबत नोंदवही. नियम एकच: थोडं घ्या, थोडं ठेवा, आणि वहीत लिहा.

तीन दिवसांत दोघांना ती बादली सापडली. पहिला माइक टीग. त्याने मग इतरांनी लपवलेल्या अशाच जागांची यादी करायला घेतली. सुरुवातीला लोक याला 'स्टॅश' म्हणत, पण या शब्दाला गांजा-चरसवाल्यांचा वास येतो. म्हणून मे महिन्यातच मॅट स्टम याने 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. (यातली कॅश म्हणजे नोटा नव्हेत. प्रोसेसरमधली कॅश असते ना, तोच शब्द. मूळ फ्रेंच, अर्थ लपवणे.) २ सप्टेंबर २००० ला सिॲटलच्या जेरेमी आयरिशने वेबसाईट सुरू केली, तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांच्या वर आहेत.

इथवर सगळं छान. पण आपण सॉफ्टवेअरवाले 'थोडं घ्या, थोडं ठेवा' हे स्पेसिफिकेशन म्हणून वाचलं तर? थोडं म्हणजे किती? घेतलं त्याच किमतीचं ठेवायचं का? किंमत कुणी ठरवायची? काय ठेवलेलं चालणार नाही? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पहिल्या बादलीला त्याची गरजही नव्हती, कारण तिच्याकडे जाणारे सगळे एकाच न्यूजग्रुपवरचे. दुसऱ्या वर्षी मात्र तिथे कुणीही जाऊ शकत होतं.

पहिलं भांडण किमतीवरून. नवा डबा चकाचक असतो: छोटा टॉर्च, होकायंत्र, कोरी पत्त्यांची जोडी. पहिला माणूस टॉर्च घेतो आणि त्याच्या मते तितकंच चांगलं काहीतरी ठेवतो. दुसरा ते घेऊन कीचेन ठेवतो. दहाव्या माणसापर्यंत डब्यात उरतं काय, तर बर्गरच्या दुकानात फुकट मिळालेलं खेळणं, गोल्फचा एक खरचटलेला बॉल आणि कुठलंसं तिकीट. यात चोरी कुणीच केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी बरोबरीचाच सौदा केला, फक्त प्रत्येकाचा डोळा स्वतःच्या बाजूला किंचित झुकलेला.

हे आपल्याला नवीन आहे का? ओटीत आलेला ब्लाऊजपीस आठवा. तो कधी शिवला जात नाही. या घरातून त्या घरात, हळदीकुंकू ते डोहाळजेवण असा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत त्याची घडी जरा जास्त पिवळी पडते. आमच्या एका जुन्या ऑफिसात पँट्रीशेजारी 'एक पुस्तक घ्या, एक ठेवा' असं शेल्फ होतं. सहा महिन्यांत तिथल्या कादंबऱ्या गायब आणि जावा सर्टिफिकेशनची कालबाह्य गाईडं हजर. ती न्यायला मात्र कुणी आलं नाही.

यावर जिओकॅशिंगवाल्यांनी शिष्टाचार काढला: घेतलं त्यापेक्षा चांगलं ठेवा, निदान बरोबरीचं ठेवा, नाहीतर काही घेऊच नका. नोंदवहीत 'काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही' असं लिहायची पद्धत पडली, चार इंग्रजी अक्षरांचं लघुरूपही झालं. वाद मिटला नाहीच. एक पक्ष म्हणे, डब्यातला कचरा येणाऱ्याने काढून टाकावा. दुसरा म्हणे, तू कोण ठरवणारा? तुझ्यासाठी जी फुटकी गोटी आहे, ती कुठल्यातरी चार वर्षांच्या पोरीने आपल्या खजिन्यातून काढून ठेवलेली असेल. मला दुसरा पक्ष जवळचा वाटतो, पण फुटक्या गोट्यांनी भरलेला डबा उघडणाऱ्या पुढच्या पोरीचं काय, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

दुसरं भांडण होतं चालेल-न चालेलचं. खाऊ ठेवायचा का? चॉकलेट बघून मुलं खूष होतात हे खरं, पण मुलांच्या आधी ते मुंग्यांना, उंदरांना आणि उत्तर अमेरिकेत रकून-अस्वलांना सापडतं. डबा कितीही घट्ट असो, जनावराचं नाक झाकणाला जुमानत नाही. एकदा चावलेल्या डब्यात पावसाचं पाणी शिरतं आणि नोंदवहीचा लगदा होतो. म्हणून खाऊ बाद. मग वासाच्या मेणबत्त्या आणि लिपबामकडेही लोक संशयाने बघायला लागले.

चाकूचा वाद जास्त चुरशीचा. जंगलात भटकणाऱ्या माणसाला घडीचा चाकू ही साधी उपयोगाची वस्तू वाटते. पण डबा उघडणारे हात कुणाचे असतील ते ठेवणाऱ्याला माहीत नसतं. शेवटी स्फोटकं, काडतुसं, अमली पदार्थ आणि दारू यांच्याच यादीत चाकूही बसला. प्रचाराची पत्रकं हा असाच प्रश्न. कुणी धर्माची ठेवायचं, कुणी पक्षाची, कुणी आपल्या धंद्याची कार्डं. साईटने धंदा, धर्म किंवा राजकारण यांच्या प्रचारासाठी कॅश लपवायला बंदी घातली. पण दुसऱ्याच्या डब्यात गुपचूप पत्रक सरकवणाऱ्याला अडवणार कोण? तिथे पहारेकरी नाही. पहारेकरी नाही हीच तर गंमत होती.

आता जरा मागे जाऊन अल्मरची बादली या नियमांना लावून बघा. खाण्याचा डबा: बाद. गलोल: हत्यारच की. जमिनीत पुरलेली: खड्डा खणायला मनाई, जमिनीच्या मालकाची स्पष्ट परवानगी असेल तरच. म्हणजे या खेळातला पहिला डबा आज मंजूरच झाला नसता!

तिसरं भांडण बाहेरच्या जगाशी. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सेवेने सुरुवातीच्या वर्षांत स्पष्ट सांगितलं की जंगलात टाकून दिलेली वस्तू ती टाकून दिलेलीच, तुम्ही तिला खजिना म्हणा नाहीतर काही म्हणा. लोकांचे आवडते डबे लष्कराच्या जुन्या बाजारातले, दारूगोळ्याचे, रबरी पट्टीमुळे पाणी न शिरणारे. अकरा सप्टेंबर २००१ नंतर पुलाखाली असा डबा दिसला तर लोक पोलिसांना फोन करणारच. लोकलमध्ये बेवारस वस्तूची घोषणा ऐकत वाढलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. २०११ च्या जुलैमध्ये इंग्लंडातल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर लपवलेली अशीच एक निरुपद्रवी डबी लष्कराच्या पथकाने स्फोट करून उडवली. तेव्हापासून डब्यावर ठळक नाव लिहा, पारदर्शक डबा वापरा, जागामालकाला विचारा, यावर जोर आला.

मग या सगळ्या भांडणांचा निकाल काय लागला? कुणी जिंकलं नाही. डबाच लहान झाला. शहरांत फिल्म रोलच्या डब्या आल्या, मग बोटाच्या पेराएवढ्या लोहचुंबकाच्या डब्या आल्या. त्यात नावं लिहायची एक सुरळी मावते, बाकी काही नाही. काय ठेवावं हा प्रश्नच संपला! २००४ पासून भूगर्भशास्त्राच्या 'अर्थकॅश' आल्या, त्यात डबाच नसतो, तिथला खडक बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची.

गंमत म्हणजे हा खेळ फिरून आपल्या आजोबांकडे गेला. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती, येणाऱ्याने आपलं कार्ड टाकावं म्हणून. त्यातून 'लेटरबॉक्सिंग' जन्मलं. तिथे अदलाबदल नव्हतीच. आलात, खूण ठेवलीत, निघालात. त्यामुळे किमतीचं भांडणही नव्हतं.

एक मधली वाटही निघाली. ट्रॅव्हल बग म्हणजे नंबर कोरलेला धातूचा बिल्ला. तो तुमचा होत नाही, तुम्ही फक्त पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचा. म्हणजे व्हॅल्यू नाही, रेफरन्स :) तरी सुंदर दिसणारी नाणी कुणाकुणाच्या खिशात राहतातच. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरही असा एक नंबर आहे. तो तेवढा कुणी ढापणार नाही.

मला या सगळ्यातून दिसतं ते इतकंच: डबा नियमाने टिकत नाही. पंचवीस वर्षांत नियमांची पानं वाढली, पण चांगले राहिलेले मोठे डबे तेच, ज्यांचा लपवणारा दर काही महिन्यांनी टेकडी चढून जातो, ओली वही बदलतो, कचरा काढतो आणि पदरचं काहीतरी चांगलं टाकून येतो. त्याला कुणी पगार देत नाही. ओपन सोर्सवाल्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. त्याला वैताग आला की तो चुंबकाची डबी लावतो आणि मोकळा होतो, आणि मग कुणा पोरीला झाडाच्या ढोलीत खजिना सापडत नाही, नुसती सही करायला मिळते.

आणि पहिल्या बादलीचं काय झालं म्हणाल, तर ती गेली. तिच्यातली एकच वस्तू काही वर्षांनी त्याच जागी सापडली आणि आज जिओकॅशिंगच्या मेळाव्यांत लोक ती कौतुकाने बघतात. कोणती? बीन्सचा गंजलेला डबा. नियमात न बसणारा, आणि इतक्या वर्षांत कुणालाही घ्यावासा न वाटलेला.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.