तुरुंगाचे घर होताना
वाट चुकलेल्या मुलांच्या शाळेचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास

गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला आम्ही चलथाणच्या सोसायट्यांतून फिरतो, तेव्हा घरोघरची खबर कळते. कोणाच्या मुलीला नोकरी लागली, कोणाकडे नातू आला, कोणी गावाकडे घर बांधले. आणि कोणाचा तरी मुलगा 'हाताबाहेर गेला' आहे. ही शेवटची बातमी दारातच, आवाज खाली आणून सांगितली जाते. मुलगा शाळेत जात नाही, रात्री उशिरा येतो, कपाटातले पैसे उचलतो, मोबाइल काढून घेतला तर अंगावर धावून येतो. मग वडील वैतागून म्हणतात, "आता याला कुठल्या तरी बोर्डिंगात टाकून देतो. तिथेच सरळ होईल."

हे 'टाकून देतो' आम्हाला दरवर्षी खटकते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी या बोर्डिंगाचाच इतिहास मांडायचे ठरवले. बिघडलेली म्हटली जाणारी मुले कुठे ठेवायची, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा कोणाला पडला, आणि त्याची उत्तरे कशी बदलत गेली?

सुरुवात लोकमान्यांपासून करू. सार्वजनिक गणेशोत्सवाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या टिळकांना आणि त्यांचे सहकारी आगरकर यांना १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ठेवण्यात आले. आगरकरांनी त्यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या तुरुंगाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. उमरखाडीतील त्याच जागी पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. कैद्यांची जागा मुलांना मिळाली. भिंती जुन्याच राहिल्या आणि आत काय असावे, याचा विचार बदलला. तो विचार बदलायला बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चोरी करणारा बारा वर्षांचा मुलगा आणि चाळीस वर्षांचा सराईत चोर एकाच कोठडीत असत. मुलगा बाहेर येई तो चोरीचे पुढचे धडे गिरवून. १८५० मध्ये सरकारने अप्रेंटिस कायदा केला. दहा ते अठरा वयाची अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुले कारागिराच्या हाताखाली धंदा शिकायला बांधून द्यावीत, अशी त्यात सोय होती. त्याच सुमारास मुंबईत 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी उद्योगशाळा सुरू केली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीने तिला स्थैर्य मिळाले आणि त्यांचेच नाव लागले. पुण्याचे ससून रुग्णालय आपल्या घराघरांत ओळखीचे आहे. त्याच दानशूर माणसाच्या नावाची ही शाळा आज माहीमला आहे.

या शाळेमागची कल्पना सरळ होती. मुलाच्या हाताला काम नाही म्हणून तो बिघडला. त्याला सुतारकाम, लोहारकाम शिकवा, म्हणजे तो मार्गाला लागेल. तुरुंगाच्या मानाने हे फार मोठे पाऊल होते. पण मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारणारे तिथे कोणी नव्हते.

पुढे १८७६ मध्ये सुधारगृह शाळांचा कायदा आला आणि १८९७ मध्ये तो नव्याने केला गेला. पंधरा वर्षांखालील गुन्हेगार मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे अशा शाळेत ठेवता येई, मात्र अठराव्या वर्षानंतर नाही. कायदा फक्त मुलग्यांसाठी होता. मुलींचा त्यात विचारच नव्हता. शिवाय तीन ते सात वर्षे म्हणजे मुलाचे जवळजवळ सगळे पौगंडवय. दहाव्या वर्षी आत गेलेला मुलगा मिसरूड फुटल्यावर बाहेर येणार आणि तोवर घरच्यांनी त्याच्याशिवाय जगायची सवय करून घेतलेली असणार.

खरा बदल विसाव्या शतकात झाला. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांची न्यायव्यवस्था वेगळी हवी, असे ठामपणे सांगितले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचे कायदे केले. मुंबईच्या कायद्यात गुन्हा केलेल्या मुलांबरोबरच निराधार, दुर्लक्षित आणि छळ सोसणाऱ्या मुलांचाही विचार होता. 'या मुलाने काय केले' याच्या जोडीला 'या मुलाचे काय झाले' हा प्रश्न कायद्याने प्रथमच विचारला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडी, मानखुर्द, माहीम येथील संस्थांचा कारभार पुढे तिच्याकडे आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १ मे १९६० पर्यंत आपला सुरत जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे हा इतिहास पलीकडच्या महाराष्ट्राचा जेवढा, तेवढाच इथल्या मातीचाही आहे.

मुलाच्या मनापर्यंत पोचण्याचे काम १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने पुढे नेले. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने १९३७ मध्ये बाल मार्गदर्शन चिकित्सालय काढले. चोरी, पळून जाणे, खोटे बोलणे या गोष्टी तापासारख्या असतात, ताप कशाने आला ते शोधावे लागते, ही दृष्टी तिथून रुजत गेली. १९३८ मध्ये मुंबई प्रांतात परिविक्षेचा कायदा झाला. मुलाला घरीच ठेवायचे, अधिकाऱ्याने घरी जाऊन त्याच्याशी आणि आई-वडिलांशी बोलत राहायचे, हा मार्ग त्यामुळे रुंद झाला.

विश्वास टाकला तर माणूस बदलतो, याचा मोठ्यांवरचा प्रयोगही याच काळात आपल्याकडे झाला. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांना भिंतींविना ठेवणारी ही वसाहत राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने झाली. तिच्याच प्रेरणेतून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला.

तरीही स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे देशभरात मुले तुरुंगांत सापडत राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे बजावले आणि त्याच वर्षी संपूर्ण देशासाठी बालन्याय कायदा झाला. २००० च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांसाठीही अठरा वर्षांची मर्यादा ठरवली. २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांसाठी वेगळी तरतूद आली आणि त्यावर वाद झाले. पण त्याच कायद्याने एक तत्त्वही लिहून ठेवले आहे : मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवानंतर कायदा घराकडे परतला.

परदेशातही वाट अशीच वळणावळणाची आहे. अमेरिकेत १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'सीडू'पासून 'उपचाराच्या निवासी शाळा' हा मोठा व्यवसाय झाला. आई-वडील भरपूर फी भरत. आत मात्र मुलांना तासन्‌तास सर्वांसमोर उभे करून अपमानित करणे हाच उपचार समजला जाई. सीडू २००५ मध्ये बंद पडली. तिथे शिकलेली मुले मोठी झाल्यावर बोलू लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा संस्थांमधील छळ रोखण्यासाठी तिथे केंद्रीय कायदा झाला.

आता आमचा एक अनुभव. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका कुटुंबाने मुलाला दूरच्या एका निवासी शाळेत पाठवले होते. आम्हीही तेव्हा "बरे केलेत" असेच म्हटले. दोन वर्षांनी तो परतला तेव्हा सगळ्यांना वाटले, सुधारला, कारण तो बोलतच नव्हता. आज तो आपल्याच मंडपाची वायरिंग पाहतो. मागच्या वर्षी आरास करताना रात्री तो सहज म्हणाला, "काका, मार विसरलो. पण रविवारी सगळ्यांचे आई-बाबा यायचे, माझे आले नाहीत. ते नाही विसरलो." त्याच्या वडिलांना शाळेनेच सांगितले होते की सारखे भेटायला येऊ नका, मुलगा हळवा होतो. त्यांनी ते मुकाट्याने ऐकले. आम्हीही कधी "चला, आपण जाऊन येऊ" म्हटले नाही. हा दोष आमच्याकडेही येतो.

कधी कधी मुलाला घराबाहेर ठेवून उपचार द्यावे लागतात, हे खरे आहे. व्यसन असेल, जिवाला धोका असेल, तर संकोच करू नये. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनी माणसाशी माणसासारखे वागूनही उपचार होतात, हे दाखवून दिले. पण कुठेही पाठवण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का? मुलाला केव्हाही घरी फोन करता येतो का? आपल्याला न सांगता जाऊन भेटता येते का? परत येण्याची तारीख ठरली आहे का? भेटीला नाही म्हणणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नये. अडचणीत असलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते.

आपल्यापैकी कितीतरी घरे तापी लाइनच्या गाडीने खान्देशातून इकडे आली. आई-वडिलांनी दोन पाळ्यांत काम करून मुले वाढवली. लक्ष द्यायला वेळ कमी पडला असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. यंदा वर्गणीला आम्ही दारात आलो की ती हळू आवाजातली बातमीही सांगा. पोराला संध्याकाळी मंडपात पाठवा. ढोल आहे, आरास आहे, पाट मांडायचे आहेत, हाताला काम भरपूर आहे. आणि कोणाला आपल्या मुलाला भेटायला दूर कुठे जायचे असेल, तर या वेळी आमच्यातला एक जण सोबत येईल.

गणपती बाप्पा मोरया!