थंडीचे अन्न आणि त्याचा भाव



पुणेकरांना कात्रजची पहिली ओळख झाली ती पाण्याने. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी तेथे तलाव बांधून बंदिस्त नळाने शहरातील हौदांत पाणी खेळविले. दुसरी ओळख दुधाची. १९६० साली पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ निघाला आणि कात्रज हे गावाचे नाव घरोघर दुधाबरोबर पोचले. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या कात्रजविषयी. मात्र तेथे पोचण्यासाठी वाट जरा वाकडी करून उत्तरेकडील नॉर्वे देशातून जावयाचे आहे. तो देश आम्ही वाचनालयातील पुस्तकांतूनच पाहिला, हे आधीच सांगून टाकतो.

थंडी हा आपल्याकडे खाण्याचा हंगाम. बाजरीची भाकरी, तीळगूळ, वांग्याचे भरीत, शेतावरचा हुरडा, भोगीची भाजी. याच दिवसांत दूधही मुबलक होते. पावसाळ्याच्या मागेपुढे म्हशी वितात, हिरवी वैरण असते, आणि दिवाळीनंतर दुधाची धार वाढते. धंद्यात या काळाला पुष्ट काळ म्हणतात, उन्हाळ्याला कृश काळ. गृहिणीला पुष्ट काळ आवडतो. दूधवाल्या शेतकऱ्याला मात्र त्याची धास्ती असते. दूध सकाळचे संध्याकाळपर्यंत थांबत नाही. ज्याचा माल थांबत नाही त्याला भावासाठी अडून बसता येत नाही. कामगाराला हे निराळे सांगावयास नको. त्याचा आजचा दिवस आज विकला गेला नाही तर तो उद्या विकता येत नाही. त्याचे श्रम हे दुधाहूनही नाशवंत!

आता नॉर्वेकडे वळू. तेथील लोफोटेन बेटांजवळ जानेवारी ते एप्रिल या ऐन हिवाळ्यात कॉड माशांचे थवे अंडी घालावयास येतात. वर्षाची कमाई या चार महिन्यांत. मासे सडले तर कमाई बुडाली. म्हणून तेथील माणसाने थंडीलाच कामाला लावले. लाकडी मांडवांवर मासे जोडीजोडीने टांगावयाचे, मीठ मुळीच लावावयाचे नाही. गार वारा त्यांतील पाणी शोषून घेतो आणि लाकडासारखा कडक झालेला मासा वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या वसई-वर्सोव्याकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात, त्याच जातीची ही युक्ती. फक्त आपल्याकडे वाऱ्याच्या जोडीला ऊन असते. १४३२ साली क्वेरीनी नावाचा व्हेनिसचा एक दर्यावर्दी जहाज फुटून या बेटांवर लागला होता. त्याने या सुक्या माशाची हकीकत लिहून ठेवली, आणि इटलीत त्याला पुढे मोठे गिऱ्हाईक मिळाले.

मासा टिकला, मग कोळी सुखी झाला काय? नाही. चौदाव्या शतकात बर्गेन बंदरात जर्मन हान्सा व्यापाऱ्यांनी वखार मांडली. ते धान्य उधार देत आणि बदल्यात मासा घेत. कोळ्याचे कर्ज फिटत नसे आणि मासा व्यापारी ठरवील त्या भावाने जाई. माल टिकविण्याची विद्या कोळ्याची, पण वखार व्यापाऱ्याची. ज्याची वखार, त्याचा भाव! हे कोडे सुटावयास १९३८ साल उजाडले. त्या वर्षी कायद्याने मच्छीमारांच्या विक्रीसंघाला पहिल्या विक्रीचा हक्क मिळाला, आणि किमान भाव कोळ्यांची संघटना ठरवू लागली.

दुधाची गोष्टही अशीच. १८६३ साली गुडब्रान्सदाल खोऱ्यातील आन्ने होव या गवळणीने चीज करताना उरणारे पाणी फेकून न देता त्यात साय घालून ते आटविले. तांबूस, गोडसर असे ते चीज नॉर्वेत घरोघर पोचले. कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्यास गेलेल्यांनी कंदी पेढा खाल्ला असेल. आटवून भाजून दूध टिकविण्याची तीच हिकमत. आज तेथील नोकरमाणूस दुपारी पावाच्या चकत्यांवर हे चीज ठेवून कागदात बांधून नेतो. आपल्या डब्याचाच तो थंड भाऊ!

परंतु आमच्या मते खरा धडा १९३५ सालचा आहे. मंदीत तेथील कामगार बेकार होते आणि शेतकरी कर्जात. शेतकऱ्याला भाव वाढवून हवा, कामगाराला अन्न स्वस्त हवे. म्हणजे दोघांचे वैर ठरलेले. तरीही त्या वर्षी मजूर पक्ष व शेतकरी पक्ष यांनी तडजोड केली. कामगारांच्या पक्षाने शेतमालाच्या भावाला आधार देण्याचे मान्य केले, शेतकऱ्यांच्या पक्षाने बेकारांना काम देणाऱ्या सरकारी खर्चाला संमती दिली.

आपल्याकडे पहिले पाऊल १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी टाकले. त्यांनी दूध घालण्याचेच बंद केले आणि स्वतःचा सहकारी संघ उभारला. हिवाळ्यातले जादा दूध मुंबई घेईना, तेव्हा १९५५ साली आणंदला म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना निघाला. ती भुकटी म्हणजे लोफोटेनचा सुका मासाच. फरक एवढाच की वखार उत्पादकाची होती. कात्रजचा संघ याच विचाराचा वंशज.

मात्र वखार बांधली की काम संपले, असे नाही. २०१८ च्या जुलैत महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतले गेले. भुकटीचे जागतिक भाव कोसळले होते, आणि त्याचा मार गोठ्यापर्यंत पोचला. लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळावे, हे मुख्य मागणे होते. शहरात कित्येकांना दूध वाया गेल्याचा राग आला. तो राग आम्ही समजू शकतो. पण संप म्हणजे नासाडी, असे म्हणणारे लोक गिरण्यांच्या संपातही आम्हांला भेटत आले आहेत.

तेव्हा श्रोतेहो, शहराने स्वस्त दूध मागावे की नाही? मागावे, पण ते शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे. कामगाराला पुरेसे वेतन असेल तर तो दुधाला रास्त भाव देऊ शकतो, आणि शेतकऱ्याला रास्त भाव मिळाला तर कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते. हा हिशेब नॉर्वेच्या बर्फात जुळला. तो कात्रजच्या पायथ्याशी जुळू नये, असे कोणतेच कारण आम्हांला दिसत नाही.