भट्टीवरचा घोट

व्हिस्कीची चव घेण्याच्या मैफली आता रंगतात. पण स्कॉटलंडच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांचा घोट निराळाच होता. पाळीला येताना, मध्ये आणि घरी जाताना त्यांना पेलाभर मिळे. ‘ड्रॅमिंग’ म्हणत त्याला. बरेचदा ती पिंपात न मुरलेली, पाण्यासारखी नितळ, घसा जाळणारी असे. घाणीचं काम केलं तर घोट जादा! तरी भागत नसे. तांब्याच्या नळीला एकीकडे नाणं डाखून, दुसरीकडे बूच मारून ती विजारीत लपवत. तिचं नाव ‘कॉपर डॉग’. यंत्राशी काम आणि पोटात हे! १९७० च्या दशकापासून प्रथा बंद होत गेली. फुकटच्या घोटात किती संसार बुडाले, हे कारखान्याच्या वहीत कसं सापडणार? मिश्रण ठरवणारा जाणकार मात्र पाणी घालून बहुतेकदा नुसतं हुंगतो.