उत्तर न आलेल्या आज्ञा

इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, असं मला बरेच जण ऐकवतात. जन्मभर शाळेत तोच शिकवला ना! पण आपला सातबारा, पेन्शन, मुलांचे निकाल आज ज्या डिस्कवर असतात, तिथल्या शिस्तीलाही इतिहास आहे. माझा एक विद्यार्थी पुण्यात हेच काम करतो. त्याच्याकडून समजून घेतलेलं मांडतो.

संगणक डिस्कला 'हे लिही' अशी आज्ञा देतो आणि वाट पाहतो. लिनक्समध्ये ही मुदत सहसा ३० सेकंदांची. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर? लिहिलं असेल, नसेल, अर्धवटही असेल. डिस्क 'रिसेट' करावी, तर तिच्याकडच्या बाकी आज्ञाही बुडतात. त्यात १९८६ साली प्रमाण ठरलेल्या 'स्कझी' पद्धतीत एकाच तारेवर अनेक उपकरणं. तार रिसेट केली की एकाच्या खोडीची शिक्षा सगळ्या वर्गाला!

१९९७ साली एरिक यंगडेल यांनी लिनक्ससाठी यावर नवी व्यवस्था लिहिली. लेनर्ड झुबकॉफ आणि लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी झालेल्या चर्चेचा तिला आधार होता. तिच्यात पायऱ्या आहेत. आधी ती एकच आज्ञा मागे घ्यायची. जमलं नाही तर ते उपकरण रिसेट, मग तार, मग कंट्रोलर. तरीही दाद नाही, तर उपकरण बाद.

मला सगळ्यात पटला तो हिशेब. नव्या आज्ञा थांबवायच्या, अडकलेल्या सगळ्या गोळा करायच्या, आणि रिसेटनंतर आधी विचारायचं, 'तयार आहेस का?' मगच त्या पुन्हा पाठवायच्या. जुनी आज्ञा खरोखर सुटल्याची खात्री होईपर्यंत तिची मेमरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. नाहीतर उशिरा आलेलं उत्तर भलत्याच्याच वहीत उमटायचं!

डिस्कवर तेच पान तिथेच पुन्हा लिहिता येतं, म्हणून ५ वेळा पुन्हा प्रयत्न करायची मुभा असते. टेप मात्र पुढे सरकलेली असते. दुसऱ्यांदा लिहिलं तर नोंद दोनदा पडण्याची भीती. म्हणून तिथे लेखनाचा पुनःप्रयत्न नाही, सरळ चूक कळवायची.

इतिहासाच्या माणसाला हे फार मोलाचं वाटतं. नोंद राहिली असेल तर 'राहिली' असा शेरा परवडतो, कुणीतरी शोध घेतो. न झालेल्या नोंदीवर 'झाली' असा शेरा पडला, तर पुढच्या पिढीला शंकासुद्धा येत नाही.